कमावणे वेगळे, राखणे वेगळे

जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांची यादी प्रसिद्ध झाली की एक ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो की ही माणसे रात्रीचा दिवस करतात, जोखीम पत्करतात, इतरांना न दिसलेले त्यांना दिसते, म्हणून ती श्रीमंत होतात आणि बाकीच्यांनी हेवा करू नये. दुसरा पक्ष म्हणतो की लबाडी, पिळवणूक आणि लागेबांधे यांवाचून एवढा पैसा कुणाकडे जमूच शकत नाही. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, तरी दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात आणि ती म्हणजे श्रीमंत माणसाचे चारित्र्य. मला हा वादच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. संपत्ती कमावणे आणि संपत्ती राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती वेगळ्या साधनांनी होतात आणि पहिल्या कामाच्या समर्थनासाठी दिलेली कारणे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. कमावण्यात माणसाच्या अंगच्या गुणांचा वाटा असतो, कित्येकदा तो फार मोठा असतो. राखण्यात मात्र मुख्य वाटा कायद्याचा असतो, आणि कायदा कुणाच्याही अंगचा गुण नाही. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत, स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित. पहिल्या शब्दाचा मान दुसऱ्या शब्दाने परस्पर वापरावा, ही आजच्या चर्चेतली खरी गल्लत आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. अँड्र्यू कार्नेगी हातमागावर विणणाऱ्या एका स्कॉटिश कारागिराचा मुलगा. यंत्रमागांनी वडिलांचा धंदा बुडवला आणि १८४८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेले. तेथे कापडगिरणीत बॉबिन बदलणाऱ्या पोऱ्याचे काम त्याला मिळाले, आठवड्याला १ डॉलर २० सेंट मजुरीवर. पुढे १९०१ मध्ये त्याची पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरला विकली गेली. या माणसाला आयते मिळाले असे कोण म्हणेल? पण त्याच्या आयुष्यातला एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. तो रेल्वेत नोकरीला असताना त्याच्या वरिष्ठाने एका वाहतूक कंपनीचे दहा समभाग विकायला निघाल्याचे त्याला सांगितले. ते त्याने उसन्या पैशावर घेतले. काही दिवसांनी लाभांशाचा दहा डॉलरचा धनादेश हाती पडला. घाम न गाळता मिळालेला आपला हा पहिला पैसा होता, असे त्याने आठवणींत नोंदवून ठेवले आहे. गिरणीतली मजुरी आणि हा धनादेश यांत फरक रकमेचा नव्हता. मजुरी हात थांबले की थांबते, लाभांश थांबत नाही. मोठी संपत्ती नेहमी या दुसऱ्या रांगेत उभी असते. केवळ पगार साठवून कुणी जगातल्या पहिल्या शंभरांत गेलेला नाही. तेथे पोचणारा माणूस कशाचा तरी मालक असतो, म्हणजे समभागांचा, जमिनीचा, खाणीचा, पेटंटचा किंवा सॉफ्टवेअरच्या हक्कांचा.

म्हणून मेहनत आणि बुद्धी यांचा हिशेब करताना मालकीचा कागद बाजूला ठेवता येत नाही. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या छोट्या संगणकासाठी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) हवी होती. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार नव्हती. तिने सिॲटलमधल्या एका लहान कंपनीने केलेली प्रणाली दोन टप्प्यांत एकूण पाऊण लाख डॉलरला घेतली, तिच्यात फेरफार केले आणि आयबीएमला वापराचा परवाना दिला. दिला तो परवाना, मालकी नव्हे. तीच प्रणाली इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. पुढे आयबीएमच्या संगणकाच्या प्रतिकृती करणाऱ्या कंपन्या जगभर निघाल्या आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक कंपनी या हक्काचे पैसे भरत राहिली. करारातल्या त्या एका अटीची किंमत ओळखणे ही विलक्षण दृष्टी होती, हे मी मनापासून मान्य करतो. पण मग त्याच मापाने दुसरीकडे पाहावे लागेल. १९२३ मध्ये इन्सुलिन शोधून काढणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन दिले. १९९३ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेब कुणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. या माणसांची बुद्धी कमी होती का? त्यांच्या कामाचा जगाला उपयोग कमी झाला का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर उघड आहे. संपत्ती कर्तृत्वाच्या प्रमाणात मिळते हे विधान येथेच मोडते. कर्तृत्वाच्या कुठल्या भागावर मालकी सांगता येते, तेवढ्याच प्रमाणात ती मिळते, आणि मालकी कशावर सांगता येईल, किती काळ सांगता येईल हे समाज ठरवतो. पेटंटची वीस वर्षे निसर्गाने ठरवलेली नाहीत.

आरंभीच्या आधाराचा मुद्दा फार ताणण्यात मला रस नाही. ॲमेझॉनमध्ये संस्थापकाच्या आईवडिलांनी १९९५ मध्ये सुमारे २ लाख ४५ हजार डॉलर घातले होते, हे खरे आहे. पण तेवढी रक्कम हाती असलेली लाखो कुटुंबे होती आणि त्यांतून ॲमेझॉन निघाले नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसऱ्या पक्षाची चूक उलट्या टोकाची आहे. मोठी संपत्ती म्हणजे लूट, असे म्हटले की जणू ती कायद्याला चुकवून, अंधारात घडते असा समज होतो. बहुतेक वेळा ती भर उजेडात, कायद्याने आखलेल्या रेषेच्या आत घडते. १८७२ चे अमेरिकेतले क्लीव्हलंड शहर घ्या. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने आणि काही तेलशुद्धीकरण कंपन्यांनी रेल्वे कंपन्यांशी एक योजना ठरवली. त्यानुसार त्यांच्या तेलाला वाहतुकीत सवलत मिळणार होतीच, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक पिंपाच्या भाड्यातला काही हिस्साही त्यांच्याकडे वळणार होता. प्रतिस्पर्ध्याने जितका धंदा वाढवावा तितके पैसे शत्रूच्या तिजोरीत जावेत, अशी ही रचना. ही योजना चालवणाऱ्या कंपनीला पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाची रीतसर सनद होती. लोक भडकले, सनद रद्द झाली आणि योजना प्रत्यक्षात आलीच नाही. पण तिच्या नुसत्या धाकात, काही आठवड्यांच्या अवधीत, क्लीव्हलंडमधल्या २६ प्रतिस्पर्ध्यांपैकी २२ रॉकफेलरच्या ताब्यात गेले. त्याची बाजू घेणारे सांगतात की पुढे रॉकेल स्वस्त झाले आणि गरिबांच्या घरात दिवा आला. तेही खरे आहे, त्याची कार्यक्षमता कुणी नाकारू नये. पण स्वस्त रॉकेल देण्याचे श्रेय आणि दुसऱ्याच्या भाड्यातून वाटा घेण्याचा बेत ही दोन्ही एकाच संपत्तीच्या पायात आहेत. त्यांतले कुठले किती, हे त्या माणसाच्या स्वभावाचा न्याय करून कळत नाही, नियम तपासून कळते.

कायदा कोणत्या बाजूला किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण मला वर्षानुवर्षे छळत आले आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम होती. ती मिळाली गुलामांच्या मालकांना. ज्यांचे आयुष्य हिरावले गेले त्यांना काहीही मिळाले नाही. उलट त्यांच्यातल्या बहुतेकांना ‘शिकाऊ’ या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज सरकारी खात्यातून पूर्णपणे फिटले ते २०१५ मध्ये. म्हणजे गुलामांचे वंशज असलेल्या ब्रिटिश करदात्यांनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांना दिलेल्या पैशाचे हप्ते भरले. यात कुणी चोरी केली नव्हती. जे मालमत्ता म्हणून नोंदले गेले होते, त्याचे मोल कायद्याने चुकते केले.

आता राखण्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. येथे सर्वांत जास्त वापरला जाणारा युक्तिवाद असा की श्रीमंती तीन पिढ्यांत विरून जाते, तेव्हा काळजी कशाला? आजा कमावतो, बाप सांभाळतो, नातू उडवतो. याला आधार म्हणून सांगतात की ७० टक्के घराण्यांची संपत्ती दुसऱ्या पिढीतच संपते. हा आकडा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याचे मूळ कुणी विचारतच नाही. त्याचा माग काढत गेले की आपण १९८७ मधल्या एका अभ्यासापाशी पोचतो, जो अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या सुमारे २०० कारखानदार कंपन्यांचा होता. त्यात पाहिले गेले ते कंपनी त्याच कुटुंबाच्या हाती उरली का एवढेच. कुटुंबाने कंपनी चांगल्या किमतीला विकून तो पैसा अन्यत्र गुंतवला, तर ती ‘टिकली नाही’ या रकान्यात गेली. धंदा हातचा जाणे आणि संपत्ती हातची जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची पेढी १३९७ मध्ये निघाली आणि १४९४ मध्ये बुडाली. तीन पिढ्यांच्या म्हणीला हे उत्तम उदाहरण वाटेल. पण पेढी बुडाल्यानंतर त्या घराण्यातून दोन पोप झाले, मग फ्लॉरेन्सचे ड्यूक झाले, मग तस्कनीचे ग्रँड ड्यूक झाले, आणि ही सत्ता १७३७ पर्यंत चालली. पैशाचे रूपांतर पदात झाले होते.

अमेरिकेतल्या रेल्वेसम्राट व्हँडरबिल्टांचे उदाहरण मात्र मी मान्य करतो. १८७७ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट वारला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे १० कोटी डॉलर होते, मुलाने आठ-नऊ वर्षांत त्याचे दुप्पट केले आणि नंतरच्या पिढ्यांनी महाल बांधण्यात आणि वाटण्या करण्यात ते घालवले. असे होते. पण नियम म्हणून होते का? बँक ऑफ इटलीच्या दोन अर्थतज्ज्ञांनी फ्लॉरेन्समधल्या १४२७ च्या करनोंदी आणि २०११ च्या करनोंदी यांतली आडनावे ताडून पाहिली. सहाशे वर्षांपूर्वी जी आडनावे वरच्या थरात होती, ती आजही वरच्याच बाजूला दिसली. मधल्या काळात प्रजासत्ताक गेले, राजे आले, नेपोलियन आला, इटली एक झाली, दोन महायुद्धे झाली. एवढ्या उलथापालथीतून जे तरले, ते केवळ अंगचे गुण होते असे म्हणणे म्हणजे गुणांचा वारसा आडनावाबरोबर सहाशे वर्षे चालतो असे मानणे होय.

राखण्याची रीत प्रत्यक्षात कशी असते, हे लंडनमधल्या ग्रोव्हनर घराण्याइतके स्वच्छ क्वचितच दिसते. १६७७ मध्ये सर थॉमस ग्रोव्हनर यांचे लग्न मेरी डेव्हिस या बारा वर्षांच्या मुलीशी झाले. तिच्या वारशात लंडनच्या पश्चिमेकडची सुमारे ५०० एकर जमीन होती, कुरणे आणि पाणथळ. शहर त्या दिशेला वाढत गेले आणि तेथे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया ही वस्ती उभी राहिली. घराण्याने जमीन विकली नाही. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. घर बांधणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने बांधायचे, पट्टा असेपर्यंत भुईभाडे भरायचे आणि मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरचे घर दोन्ही मालकाकडे परत. म्हणजे भिंती दुसऱ्याने उभारल्या, रस्ते, पोलीस, राजधानीची प्रतिष्ठा ही सगळी वाढ समाजाने केली, आणि तिचे मोल साचत गेले ते जमिनीच्या नोंदीवर. पुढे हे घराणे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर झाले. १९५३ मध्ये त्यांतले दुसरे ड्यूक वारले तेव्हा घराण्याला फार मोठा मृत्युकर भरावा लागला होता. सहावे ड्यूक २०१६ मध्ये वारले तोवर मालमत्तेचा बहुतांश भाग विश्वस्त न्यासांत (ट्रस्टमध्ये) गेलेला होता. सुमारे नऊ अब्ज पौंडांचा हा पसारा. तेथे वारसा कराचा दर ४० टक्के आहे, पण न्यासातल्या संपत्तीवर तो त्या रीतीने बसत नाही, तिला दर दहा वर्षांनी जास्तीत जास्त ६ टक्के आकार भरावा लागतो. माणूस मरतो, न्यास मरत नाही, आणि कर मरणावर बसवलेला असतो. यात बेकायदा काहीही नाही, आणि नेमके म्हणूनच ते बोलण्याजोगे आहे.

अमेरिकेतली रीत वेगळी आहे, परिणाम तोच. तेथे समभागाची किंमत कितीही वाढली तरी तो विकेपर्यंत नफ्यावर कर नाही. मग विकायचा कशाला? समभाग तारण ठेवून कमी व्याजाने कर्ज घ्यायचे आणि त्यावर जगायचे, कारण कर्ज हे उत्पन्न धरले जात नाही. धनी मेला की वारसाच्या दृष्टीने समभागाची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत धरली जाते. ही तरतूद १९२१ पासून आहे. आयुष्यभराचा नफा अशा रीतीने कागदावरून पुसला जातो. २०२१ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने करविवरणांच्या आधारे दाखवले की २०१४ ते २०१८ या काळात अमेरिकेतल्या २५ सर्वांत श्रीमंत व्यक्तींची संपत्ती ४०१ अब्ज डॉलरने वाढली आणि त्यांनी आयकर भरला १३.६ अब्ज, म्हणजे वाढीच्या ३.४ टक्के. वाढलेली किंमत म्हणजे हाती आलेले उत्पन्न नव्हे, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ती किंमत कर्जाला तारण म्हणून चालते, कंपन्या विकत घ्यायला चालते, फक्त कर मागितला की ती कागदावरची ठरते, हे कसे? पगारदाराला ही सोय नाही. त्याचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो.

यावर सर्वांत मनाला भिडणारा आक्षेप आईबापांच्या मायेचा आहे. आपल्या मागे मुलांना काही राहावे म्हणूनच तर माणूस झिजतो. ती इच्छा तोडणारा कायदा माणुसकीच्या विरुद्ध जातो, हे मला पूर्ण पटते. पण घर, शिक्षण, आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद, धंदा सुरू करण्यापुरते भांडवल, एवढे सगळे दिल्यानंतरही ज्या संपत्तीला काही ओरखडा उमटत नाही, तिच्याबद्दल आपण बोलतो आहोत. तेथे माया हा शब्द फार दूरवर ताणला जातो. ज्या खापरपणतूचे नाव अजून ठेवले गेलेले नाही, त्याच्यासाठी न्यास करणारा माणूस मायेपोटी ते करतो, की आपले नियंत्रण मरणानंतरही चालावे म्हणून? स्वतः कार्नेगीने १८८९ मध्ये लिहिले होते की मुलांवर अफाट संपत्ती टाकून जाणे त्यांच्या हिताचे नसते आणि मृत्यूच्या वेळी बसणारा मोठा कर हा सर्वांत शहाणपणाचा कर होय. त्याने पैसा ग्रंथालयांना दिला, अडीच हजारांहून अधिक. मी त्याचा आदर करतो. पण १८९२ मध्ये त्याच्याच होमस्टेड कारखान्यातला संप मोडताना खासगी शिपाई आणि कामगार यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडची माणसे मेली, आणि संप फसल्यावर मजुरी उतरली. त्या मजुरांना पगार हवा होता की ग्रंथालय, हे त्यांना कुणी विचारले नाही. दानाने हा प्रश्न सुटत नाही, कारण काय द्यायचे, कुणाला द्यायचे हे तेथेही एकटा मालकच ठरवतो.

व्यवहाराचा आक्षेप अधिक कठीण आहे आणि तो झटकून टाकणारे लोक आपल्याच बाजूचे नुकसान करतात. १९९० मध्ये विकसित देशांच्या ओईसीडी या गटातले १२ देश निव्वळ संपत्तीवर दरवर्षी कर घेत होते, २०१७ मध्ये चारच उरले. स्वीडनसारख्या समतेचा आग्रह धरणाऱ्या देशाने आधी वारसा कर काढला आणि मग २००७ मध्ये संपत्ती करही. भारताने १९८५ मध्ये मृत्युकर रद्द केला, तेव्हा उत्पन्नाच्या मानाने वसुलीचा खर्च परवडत नाही हेच कारण दिले गेले. हे कर फसले, यात शंका नाही. पण ते का फसले ते पाहायला हवे. दर चढे ठेवायचे आणि आत सवलतींची भोके ठेवायची, अशी त्यांची बांधणी होती. त्यामुळे ज्याच्याकडे सल्लागार नाही तो मध्यमवर्गीय सापडे आणि ज्याच्यासाठी कर होता तो निसटे. २०१६ मध्ये पनामातल्या एका कायदेविषयक कंपनीची १.१५ कोटी कागदपत्रे बाहेर आली आणि त्यांत दोन लाखांहून अधिक कंपन्या, न्यास अशा संस्थांची नावे निघाली. भांडवल पळते असे आपण म्हणतो, पण ते आपल्या पायांनी पळत नाही. त्याला दुसऱ्या देशाचा कायदा लागतो, खरा मालक कोण हे न सांगण्याची मुभा लागते. खऱ्या मालकाची नोंद सक्तीची करणे, मृत्यूच्या वेळी साचलेल्या नफ्याचा हिशेब करणे आणि न्यासाला आयुष्याची मर्यादा घालणे, ही तीन कामे दर वाढवण्याच्या आधीची आहेत. ती न करता केवळ दर वाढवणाऱ्या सरकारवर माझा विश्वास बसणार नाही.

मालमत्तेच्या हक्कात असा हात घालता येत नाही, तो हक्क पवित्र आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या हक्काचाच इतिहास पाहावा. मेलेल्या माणसाने जमिनीला अनंतकाळ बांधून ठेवू नये, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने १६८२ मध्ये, ड्यूक ऑफ नॉरफोकच्या खटल्यात मांडले, तेही भूमिपतींच्याच राज्यात. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने ती मर्यादा १९८३ मध्ये उठवली आणि तेव्हापासून तेथे शेवट नसलेले न्यास करता येतात. म्हणजे जुनी मर्यादा होती, सवलत नवी आहे. आणि लंडनच्या त्या भाडेपट्ट्यांचे पुढे काय झाले? ब्रिटिश संसदेने १९६७ मध्ये कायदा करून दीर्घ मुदतीच्या पट्टेदारांना आपल्या घराखालची जमीन ठरावीक किमतीला विकत घेण्याचा हक्क दिला. दुसऱ्या ड्यूकच्या मृत्युपत्राखालचे विश्वस्त याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. एका नागरिकाची मालमत्ता काढून दुसऱ्या नागरिकाला देणे हा आमच्या हक्काचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी विधिमंडळ असा कायदा करू शकते आणि हक्काचा भंग झालेला नाही. पट्टेदारांनी घरे घेतली, विश्वस्तांना किंमत मिळाली, आणि ते घराणे आजही ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक आहे.